कोरफडीचा कडू चीक

आजकाल कोरफडीच्या रसाच्या बाटल्या दुकानात मिळतात. पोटाला चांगला म्हणून नातसुनेनं मला एक आणून दिली, ती मी बूच न काढता परत केली. कोरफडीचं आणि माझं जुनं वाकडं आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. लग्न होऊन मी दुसरबीडहून पिंपळगाव राजाला आले आणि दुखरं पोट सोबत घेऊनच आले. चार घास खाल्ले की कळ यायची, आणि कळ आली की धावावंच लागायचं. कधी उलट, सगळं गच्च बसून राहायचं. माहेरी घरामागे आमचाच मळा होता, तिथं निभावून गेलं. सासरी बायांनी बाहेर जायची जागा, म्हणजे गोदरी, गावाच्या टोकाला. जायचं ते उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. रस्ता पारावरून, आणि पारावर दिवसभर रिकामटेकडे पुरुष बसलेले. दिवसा हातात टमरेल दिसलं की ती बाई निर्लज्ज ठरायची.

मग मी दिवसाचं जेवणच सोडलं. पदराआड भाकर लपवायची आणि गाईपुढे टाकायची. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांना वाटलं, सुनेला आपल्या हातचं गोड लागत नाही. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं.

शेजारच्या काकूंनी कोरफड सुचवली. पात कापून उभी ठेवायची, पिवळा चीक गळून जाऊ द्यायचा, आतला गर चांगला धुऊन थोडासा घ्यायचा. आत्याबाईंच्या घरात मात्र डाळीचं धुवणसुद्धा कधी वाया गेलं नाही. त्यांनी पातीखाली वाटी लावली, चीक धरला आणि गुळासोबत गरात कालवला.

"आत्याबाई, काकू तर हा फेकायला सांगत होत्या," मी म्हणाले.

"फेकतं काऊन? कडू हाये तेच तं औषध. बाळंतिणीले काळा बोळ देतो आपण, तो याचाच होते. घे मुकाट्यानं."

मी घेतलं. सुनेनं नाही म्हणायची रीत नव्हती.

दुपारी पोटात असा पीळ पडला की डोळ्यांपुढे अंधारी आली. टमरेल उचललं, पदर तोंडावर ओढला आणि भर उन्हात निघाले. पारापर्यंत पोचले, पुढे पोचले नाही. पारावरच्या माणसांसमोर लुगडं खराब झालं. कोणीतरी हसलं. घरी येऊन मी न्हाणीत अंग धुतलं आणि ठरवलं, भाऊ न्यायला आला की माहेरी जायचं आणि परत म्हणून यायचं नाही. नवऱ्यानं टाकली म्हणतील, म्हणोत.

पण जुलाब थांबेनात. मामंजी, म्हणजे सासरे, यांनी बैलगाडी जुंपली आणि आत्याबाईंना सोबत घेऊन मला खामगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, बरंच विचारलं. कोरफडीचं ऐकून ते आत्याबाईंवर उखडलेच. तो पिवळा चीक जहाल रेचक आहे, चिडक्या आतड्याला तो म्हणजे आगीत तेल, आणि पोटात गर्भ असता तर काय केलं असतं, असं म्हणाले. धुतलेला गर कोणाला मानवतो, कोणाला नाही; त्यानं हे दुखणं जातं असं आपण छातीठोकपणे सांगणार नाही, असंही ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लागलं की लगेच जाता येतं का?"

"दिवसा नाही," एवढंच म्हणून मी खाली मान घातली. मामंजी दाराशी उभे होते, त्यांनी ऐकलं.

मामंजी माझ्याशी कधी बोलत नसत. सासरा-सुनेचं बोलणंच नसे. परतीच्या वाटेवरही ते बैलांशीच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्यामागे खड्डा खणायला घेतला. वर फळ्या टाकल्या, भोवती तुराट्यांचा कूड उभारून शेणामातीनं लिंपला, दाराला पोतं लावलं. पारावरचा एक जण मुद्दाम बघायला आला.

"काऊन हो पाटील, घरातच घाण करून राह्यले का आता?"

"माह्या घरची घाण मी पाहीन बे. तू तुही पाह्य," मामंजी म्हणाले आणि कूड लिंपत राहिले.

मी दुपारी जेवायला लागले. दुखणं समूळ गेलं नाही, ठेच्यानं आजही बिनसतं. पण जाता येतं हे कळल्यावर पोटाचं अर्धं चिडणं आपोआपच कमी झालं. भाऊ आला, चार दिवस माहेरी राहून मी परत आले. आत्याबाई मात्र गावभर सांगत सुटल्या, "कोरफडीनं सून खडखडीत झाली." मला त्यांचा असा संताप यायचा की काय सांगू.

एका दुपारी मी ओट्यावर तूर निवडत होते. आत्याबाईंनी टमरेल भरलं, इकडंतिकडं पाहिलं आणि गोठ्यामागे गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी टेकल्या.

"या घरात सून म्हणून आली तवापासून," त्या सुपाकडे पाहत म्हणाल्या, "आज पह्यल्यांदा दिवसा गेली वं मी."

माझा राग तिथंच संपला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.