व्याह्यांच्या पूजेतलं रिव्हॉल्व्हर

“कोणी सांगितलं रिकामी आहे?” बंदुकीला हात लावण्याआधी आमचे साहेब हा प्रश्न विचारत, आणि उत्तर कधीच ऐकून घेत नसत. बोल्ट मागे ओढायचा, गोळी बसते त्या चेंबरमध्ये करंगळी घालायची, चष्मा कपाळावर सरकवून डोकवायचं. मग म्हणायचे, “आता रिकामी.”

लष्करासाठी नवी रायफल घडत होती. तिच्या चाचणी विभागात मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. एकदा एक कर्नल नवा नमुना बघायला आले आणि “आत्ताच तपासलाय,” म्हणत त्यांनी तो खांद्याला लावला. यांनी शांतपणे नळी खाली दाबली. “आपला हुद्दा मला माहीत आहे, साहेब. हिला माहीत नाही.” कर्नल लालबुंद झाले, पण चेंबर उघडून दाखवलं.

कामाचं वेड घरी नेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे तर नाटकालाही घेऊन जायचे. नटाने पिस्तूल काढल्याबरोबर दुसऱ्या रांगेत उभे! “अहो, आधी उघडून दाखवा!” अख्खं नाट्यगृह हसलं. शेजारी बसलेल्या मुलीने कपाळाला हात लावला. “बाबा, बसा. समोरच्याला मरायचेच पैसे मिळतात.” मुलगी बापाच्याच वळणाची. आई लवकर गेलेली. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

तिला वाघोलीत दिली. जमिनीला सोन्याचा भाव आलेलं घर, दारात दोन गाड्या, व्याह्यांच्या कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर. माणसं मात्र प्रेमळ. दसऱ्याला त्यांनी साहेबांबरोबर मलाही आग्रहाने जेवायला बोलावलं. पाटावर कोयता, विळे, ट्रॅक्टरची किल्ली मांडली होती आणि मधोमध झेंडूच्या फुलांत ते रिव्हॉल्व्हर. यांची मान लगेच तिकडे वळली.

“जरा उघडून बघू का?”

“आवो, रिकामंच हाय! पूजेतल्या हत्याराला आत्ता हात नका लावू, पाव्हणं.”

आता यांचा प्रश्न येणार, म्हणून मी वाट बघत होतो. पण हात अर्ध्यावरच थांबला. मुलीचं सासर, सणाचा दिवस. व्याह्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं? ते कसनुसं हसले आणि हात मागे घेतला. मीही गप्प बसलो.

आरती झाली. व्याह्यांनी हत्यार उचललं, कपाळाला लावलं आणि फोटोसाठी रुबाबात समोर धरलं. बोट चापावर. मोबाइल घेऊन समोर सून उभी होती.

मला आधी वाटलं, बाहेर फटाका वाजला. मग ती उजवा खांदा धरून खाली बसली. “बाबा,” एवढंच म्हणाली. व्याही हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे बघत बडबडत होते, “रिकामं व्हतं... रिकामं व्हतं...” आठवड्यापूर्वी चोरांच्या अफवेने त्यांनीच गोळ्या भरल्या होत्या आणि विसरले होते. बंदुकांत आयुष्य काढलेले आम्ही दोघं तिथे दोन हातांवर उभे होतो!

ती वाचली. उजवा हात मात्र खांद्याच्या वर जाईना. पोलिसांपुढे सासरची मंडळी म्हणाली, गोळी आपोआप सुटली. यांनी जबाब दिला, “आपोआप सुटत नाही. आणि मला शंका आली होती.”

दवाखान्यात मुलीने विचारलं, “कर्नलला अडवता, नटाला अडवता. माझ्या वेळी का नाही, बाबा?” माझ्यासमोर विचारलं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेना.

ते पुन्हा कामावर आले नाहीत. राजीनामा पोस्टाने आला.

रायफल सगळ्या चाचण्यांतून पार पडली, तेव्हा पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मुलगी माहेरी आलेली, स्टुलावर पाठमोरी बसली होती आणि मागे उभे राहून हे तिची वेणी घालत होते. तीन पेड काही केल्या त्यांच्या बोटांत राहत नव्हते.

“ओढतंय का गं?”

तिने मान तेवढी सरळ धरली. त्यांनी सगळे केस मोकळे केले आणि वेणी पहिल्यापासून घालायला घेतली.