रे रोडच्या पुलावर पडणारा काटा

"तुझा गेज खोटा आहे की माझा ड्रायव्हर, एवढंच सांग मला," त्रिलोकेकर साहेब म्हणाले.

मी त्यांच्या पिकअपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेलो. इंजिन चालू होतं. डॅशबोर्डवर मीच बसवलेल्या नव्या ऑइल गेजचा काटा चाळीसवर शांत उभा होता. गाडीच्या पलीकडे ड्रायव्हर सावंत टोपी हातात घेऊन उभा. तो म्हणत होता की सकाळी हाच काटा शून्यावर गेला.

"आत्ता तरी साहेब, दोघेही खरे दिसतायत," मी म्हणालो.

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. खरं म्हणजे मलाही आवडलं नव्हतं.

लालबागच्या आमच्या गॅरेजातली ही गोष्ट. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज शिवडीला सभा, उद्या नायगावला, परवा गिरगावात. त्रिलोकेकर साहेबांचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. घराणं जुनं, गिरगावातलं. वडील-आजोबा कचेरीत बसणारे, ह्यांनी मात्र बांबू आणि कर्णे भाड्याने द्यायला सुरुवात केली. सभा वाढल्या तशी त्यांनी एक जुनी पिकअप विकत घेतली आणि तिथून त्यांची झोप उडाली. गाडी घेतल्यापासून इंजिनाची बेरिंगं दोनदा गेली. दोन्ही वेळा भर सभेच्या दिवशी, सामान भरलेलं असताना.

बेरिंग जातं म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरतं. मधे तेलाचा पातळ पडदा असतो म्हणून ते घासत नाही. हे तेल एक छोटा पंप जोराने सगळीकडे पोचवतो. हा जोर म्हणजे ऑइल प्रेशर. तो गेला की पडदा गेला, आणि पडदा गेला की बेरिंग खडखडायला लागतं.

ह्या गाडीला प्रेशर दाखवायला नुसता एक लाल दिवा होता. असा दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावर लागतो आणि भर उन्हात लागलेला कळतही नाही. म्हणून साहेबांना काट्याचा गेज हवा होता. दुसरंही कारण होतं. सावंत गाडी दामटतो, म्हणून इंजिन जातं, असं त्यांचं मत झालं होतं. काटा बसवला की ड्रायव्हरची चोरी सापडेल, हा त्यांचा हिशेब.

गेज बसवायचं काम अवघड नाही. इंजिनाच्या अंगावर दिव्याचा स्विच असतो, त्या भोकात पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायचा. एका तोंडाला स्विच, दुसऱ्या तोंडाला तांब्याची बारीक नळी. नळी डॅशबोर्डपर्यंत न्यायची. त्या काळच्या गेजमध्ये खरोखरचं तेल काट्यापर्यंत यायचं. गेजचे आटे इंजिनाच्या आट्यांशी जुळेनात, म्हणून घोडपदेवच्या एका लेथवाल्याकडून अ‍ॅडॉप्टर करून आणला. नळी घासू नये म्हणून जिथे पत्र्यातून जाते तिथे रबर घातलं. इंजिन सुरू केलं, काटा टुणकन वर आला. मी सावंतला सांगितलं, "काटा शून्यावर गेला तर एक सेकंद थांबायचं नाही. इंजिन बंद."

दुसऱ्याच दिवशी तो परत आला. रे रोडच्या पुलावर चढताना काटा पडला, म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं. माणसांनी गाडी ढकलून वर नेली. वर जाऊन इंजिन चालू केलं तर काटा पुन्हा जागच्या जागी.

मी नळी तपासली. कुठे दुमडली नव्हती, गळत नव्हती. नळीतली हवा काढली. गॅरेजचा टेस्टिंगचा गेज लावून बघितला, तोही चाळीसच दाखवत होता. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पुसून बघितली. तेल वरच्या खुणेला. गाडी काढून परळपर्यंत फिरवून आणली. काटा हलला नाही.

आमचे फोरमन परेरा मास्तर माझगावचे. आगबोटीच्या इंजिनांवर काम केलेला माणूस. त्यांनी कान लावून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "काय नाय झालेला हिला."

"मग सावंत म्हणतोय ते?"

"तो पण खोटा बोलत नसेल. मला कळत नाय."

मास्तरांना कळत नाही हे ऐकून मी जास्तच घाबरलो.

आणि आता साहेब समोर. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुला सांगतो, हाच नळीचा नट ढिला करत असेल. दोन इंजिनं घालवली, आता गेजवर ढकलायचं."

ते हळू बोलले, पण सावंतला ऐकू गेलं. त्याची मान खाली गेली. "साहेब, माका काढूचा तर काढा," तो म्हणाला. एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलणारा माणूस, रागावला की मालवणीवर यायचा. "पण नट ढिलो केलंय म्हणा नको. घरात चार माणसां खातत ह्या गाडीवर."

"आजची सभा होऊ दे. मग बघतो," साहेब म्हणाले.

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "तू जा गाडीत. टेस्टिंगचा गेज पण लाव. दोन काटे असू दे."

टीला आणखी एक तोंड जोडलं आणि दुसरी नळी खिडकीतून आत आणली. मागे बांबू, फळ्या, कर्णे, बॅटऱ्या, सगळं गच्च भरलेलं. सावंत स्टिअरिंगवर, मधे मी मांडीवर गेज घेऊन आणि दाराशी खुद्द साहेब. ड्रायव्हरची लबाडी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. कॉटन ग्रीनची गोदामं आली. दोन्ही काटे चाळीसवर. साहेब एकदा काट्याकडे बघत, एकदा सावंतच्या हातांकडे.

पूल आला. सावंतने गिअर बदलला. गाडीचं नाक वर झालं. अर्धा चढ चढलो आणि मांडीवरचा काटा थरथरला.

"पडलो!" सावंत ओरडला. "काटो पडलो!"

दोन्ही काटे एकदम शून्यावर. सावंतने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. साहेब दोन्ही गेजकडे आळीपाळीने बघत राहिले.

"ह्याने तर कशाला हात लावला नाही," ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक.

तेवढ्यात मागून झेंडे घेतलेली माणसं आली. सभेलाच निघाली होती. "सभेचे कर्णे आहेत काय? मग लावा हात!" आणि घोषणा देत त्यांनी गाडी वर चढवली. साहेब धोतराचा सोगा खोचून ढकलायला लागले, मीही. वर सपाटीला इंजिन चालू केलं. दोन्ही काटे चाळीसवर, जसं काही झालंच नाही.

माझं डोकं चालेना. दोन काटे एकदम खोटं बोलणार नाहीत. म्हणजे प्रेशर खरंच जातं. पण पंप बिघडला असेल तर तो सपाटीवर कसा चालतो? आणि पंपाला कसं कळतं की पूल आला? सभेत वक्ते काय बोलले ते मला एक अक्षर आठवत नाही. मी कर्ण्याखाली बसून पुलाचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "चेंबर उतरव. जाळी बघू."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाचं तेलाचं भांडं. त्यातून पंप एका जाळीतून तेल ओढतो. आधी तेल काढायला हवं. मी खाली डबा ठेवला आणि बूच सोडलं. धार लागली आणि लवकरच थांबली. डबा अर्ध्याच्या जरा वर. ह्या जातीच्या इंजिनाने तो जवळजवळ भरायला हवा होता.

"एवढंच?" मी विचारलं.

"नेहमी एवढंच पडतं," सावंत म्हणाला. "भरतानाही एवढंच लागतं. खुणेपर्यंत."

साहेब म्हणाले, "हो, तेल कमी खाते गाडी. तेवढी एकच गोष्ट बरी आहे तिची."

मी पुन्हा डिपस्टिक काढली. खूण होती, तेलाचा डाग खुणेपर्यंत होता. मग मास्तरांनी ती माझ्या हातातून घेतली आणि गॅरेजात उभ्या असलेल्या तसल्याच दुसऱ्या पिकअपकडे गेले. तिची डिपस्टिक काढली आणि दोन्ही जोडून धरल्या.

आमची बोटभर लांब होती.

पट्टी लांब म्हणजे ती भांड्यात खोलवर जाते. तिची खूण खाली राहते. तेल अर्धं असलं तरी पट्टी म्हणते भरलं. सपाटीवर तेवढ्यात भागायचं. सामान भरून चढावर आलं की तेल मागे सरकायचं, पुढची जाळी उघडी पडायची आणि पंप हवा ओढायचा. दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाची पट्टी ह्या गाडीत कुणी घातली, ते कधीच कळलं नाही. साहेबांनी गाडी घेतली तेव्हाच ती तिच्यात होती.

बरोबर मापाची पट्टी घातली, तेल पुरं भरलं. सगळे पुन्हा पुलावर गेलो. दोनदा चढलो. काटा हलला नाही.

परत आल्यावर साहेब बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग सावंतला म्हणाले, "उद्या सकाळी नायगावचं सामान आहे. वेळेवर ये."

"उद्या माझी सुट्टी," सावंत म्हणाला.

"कसली सुट्टी?"

"घेतली मी."

"बरं," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी नायगावचं सामान हातगाडीवरून गेलं.

गेजवर आम्ही संशय घेतला, नळीवर घेतला, पंपावर घेतला, माणसावर तर सगळ्यात आधी. पट्टीवर घेतला नाही, कारण बाकी सगळं आम्ही तिनेच तपासत होतो. पुढे इतकी वर्षं काम केलं. अनोळखी गाडी आली की तेल किती आहे ते मी नंतर बघतो. पट्टी तिचीच आहे का, ते आधी.