सहा पॉइंट एकचा नारळ

मंडळी, माझी लेक बंगालमधल्या क्लबकडून फुटबॉल खेळते. प्रत्येक सामन्यानंतर मोबाइलवर खेळाडूंना दहापैकी गुण मिळतात. आज सकाळी तिच्या नावापुढे ६.१ दिसले. साठ टक्क्यांच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास, म्हणून मी मारुतीला नारळ फोडला.

फोनवर ती म्हणाली, "बाबा, सहा म्हंजे काठावर पास. अजून एक मॅच अशी गेली तं मले बाहेर बसवतील."

"मंग तू काय करून राह्यली होती?"

"समोरच्या टीमच्या मेन पोरीले चिकटून राह्यली, तिच्यापर्यंत बॉल जाऊच देला नाही. पण मार्क बॉलले पाय लागला तरच भेटतात."

तेव्हापासून देवळाच्या पायरीवर बसलोय. डोळे मिटले की हिरव्या मैदानात, बॉलपासून दूर, माझी पोर उभी दिसते.

येणाऱ्याजाणाऱ्याला खोबरं देतोय. कशाचा प्रसाद विचारलं, की सांगतो, पोरगी फर्स्ट क्लास आली. चुकलं का माझं?