एका नाल्याचे दोन खासदार

ज्या कोणी आमच्या लोकसभा मतदारसंघाची हद्द आखली, त्याला धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकदा आमच्या नाल्यात उभं करावं, अशी माझी जुनी इच्छा आहे. कमरेइतकं पाणी पुरे. बुडवायचं नाही. फक्त विचारायचं, बाबा, तुझा डावा पाय कोणत्या खासदाराचा आणि उजवा कोणत्या?

आमचं गाव सावली तालुक्यातलं, नाल्यापलीकडचं मूल तालुक्यातलं. इकडच्या कोंबड्याने तिकडची माणसं उठतात, इतकं जवळ. माझी नणंद त्या गावात दिली. म्हणजे माझं सासर ते तिचं माहेर, आणि मधे हा नाला. पावसाळ्यात नाला भरला की तिचं माहेर बंद. ते उघडायचं दिवाळीनंतर, मंडईला. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावोगाव भरणारी जत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि दिवस मावळला की नाटक उभं राहतं. नाटकाच्या पत्रिकेवर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक अशी इतकी मंडळी असतात की नाटकात काम करणाऱ्यांना तळाशी बारीक अक्षरांत बसावं लागतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. माझं माहेर वैनगंगेपलीकडचं, आरमोरीच्या बाजूचं. पुढे जिल्हा फुटला. माहेर गडचिरोलीत गेलं, सासर चंद्रपुरात राहिलं. लोकसभेला माहेरचे लोक चिमूरचा खासदार निवडायचे, आम्ही चंद्रपूरचा. माझा भाऊ आणि मी वेगवेगळ्या माणसांची तीच ती आश्वासनं ऐकत म्हातारे होत होतो.

मग हद्दी पुन्हा आखल्या. चिमूर मोडून गडचिरोली-चिमूर असं जोडनाव केलं आणि आमचा सावली तालुका त्यात टाकला. मूल चंद्रपुरातच ठेवला. नवा मतदारसंघ वर आमगावपासून खाली सिरोंच्यापर्यंत. वरच्या टोकाहून मतं मागत निघालेल्या माणसाला खाली पोचेपर्यंत तेलुगू शिकून घ्यावी लागेल. तिकडे नणंदेचं मत जाऊन पडलं वणी-आर्णीच्या मतांत, यवतमाळच्या कापसात. ती जन्मभर धान लावणारी बाई. कापूस तिला देवापुढच्या वातीपुरता माहीत.

मी मात्र हरखून गेले. वय काही लहान नव्हतं, घरात सुना यायच्या बेतात होत्या. पण अक्कल कोवळी होती. मला वाटलं, दिल्लीतल्या कोणी शहाण्याने खास माझ्यासाठी माझं माहेर माझ्या मतदारसंघात आणून ठेवलं. मी महिला मंडळाची अध्यक्ष, त्यात मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणजे विचारायलाच नको. धुणं घेऊन नाल्यावर गेले आणि नणंद पलीकडच्या काठावर दिसली, की मी मोठ्याने ऐकवायची, आमचा खासदार आता वैनगंगेच्या दोन्ही तीरांचा. त्याने माझं नाव ऐकलं होतं का, हा प्रश्न मला पडला नाही.

नणंद लुगडं आपटत राहायची. एकदा ती थांबली आणि म्हणाली, "वयनी, तुह्यं माहेर जोडलं, बरं झालं. माह्यं तोडलं, त्याचं काय?"

तिचं म्हणणं रपट्याबद्दल होतं. नाल्यावर रपटा हवा, म्हणजे सिमेंटचा बुटका पूल, ही दोन्ही गावांची जुनी मागणी. आधी दोन्ही काठ एकाच खासदाराचे होते, त्यामुळे नकार तरी एकाच ठिकाणाहून यायचा. आता इकडे विचारलं की म्हणायचे, पलीकडचा काठ आमचा नाही. तिकडे विचारलं की म्हणायचे, अलीकडचा काठ आमचा नाही. मधलं पाणी कोणाचं, ते कोणीच सांगत नव्हतं.

तेव्हा मला एक तेजस्वी कल्पना सुचली. दोन्ही गावांनी मिळून एकच मंडई भरवायची, नाटक आमच्या काठावर ठेवायचं, आणि दोन्ही खासदारांना उद्घाटक म्हणून बोलवायचं. दोघं नाल्याशी समोरासमोर आले की रपटा झालाच म्हणून समजा. हे मी मंडळाच्या बैठकीत इतक्या ऐटीत सांगितलं की बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे ओट्यावर सुपारी कातरत होते. ते एवढंच म्हणाले, की मंडई दिवाळीनंतर असते. मला त्यात काय म्हणण्यासारखं आहे ते कळलं नाही.

पाहुणे येणार म्हटल्यावर दोन्ही गावच्या बायका कामाला लागल्या. पलीकडून येणाऱ्या पाहुण्याच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं तर गावाची अब्रू जाईल. मग आम्ही नाल्यात रेतीची पोती टाकली, त्यावर बांबूचे तट्टे, तट्ट्यांवर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, तणसावर मुरूम. धुम्मसाने चोपून चोपून बसवलं. नणंद पदर खोचून सगळ्यांत पुढे. दोन्ही काठांना रांगोळी काढली. असा रस्ता तालुक्याच्या गावालाही नव्हता.

खासदार दोघंही आले नाहीत. दोघांनीही आपापला माणूस पाठवला, पांढऱ्या कपड्यातला. आमच्या बाजूचा आमच्या रस्त्याने आला. पलीकडचा आमच्या तणसावरून गाडीत बसून असा आला, की त्याच्या हातातला मोबाईलसुद्धा हलला नाही. खाली उतरून त्याने मागे पाहिलं. नाल्यात घोट्याइतकं पाणी, त्यात दोन बदकं. तो म्हणाला, रस्ता तर फारच छान आहे की इथला. आमच्या बाजूच्या माणसाने मान डोलावली. दोघांनी मिळून नारळ फोडला आणि भाषणात दोन्ही गावांच्या स्वच्छतेचं कौतुक केलं.

आपली अडचण दाखवायला माणूस बोलवायचा आणि तो येण्याआधी अडचण झाडून-सारवून ठेवायची, ही अक्कल माझी. पावसाळ्यात बोलवावं तर तो येणार कुठून, आणि मंडईला बोलवावं तर पूर कुठून आणावा? नणंद म्हणाली, "वयनी, सत्काराले पूर पण बोलवाचा होता. पत्रिकेत त्याचंच नाव राह्यलं."

त्याहून मोठा मूर्खपणा म्हणजे तीच रीत पडली. दर दिवाळीनंतर दोन्ही काठांच्या बायका पोती, तट्टे, तणीस घेऊन नाल्यात उतरू लागल्या. पाहुणे त्यावरून येत, कौतुक करत, जात. निवडणुका आल्या-गेल्या. आमच्यासाठी त्या तणसाचा उपयोग एवढाच, की नणंदेला मंडईला माहेरी येता येई. पुढे तिचे गुडघे गेले. मग तिला खुर्चीवर बसवून तिची मुलं त्या तट्ट्यांवरून उचलून आणायची. वर्षातून एकदा ती आपल्या आईच्या ओट्यावर बसायची, आणि त्या ओट्यावर आता मी मालकीण म्हणून बसते, यावरून मला टोमणे मारायची.

यंदा मंडईच्या आधी माझी नात म्हणाली, मतदारसंघांच्या हद्दी परत बदलणार आहेत म्हणे. मी म्हटलं, बदलोत. नाल्याचं पाणी दोघांनी वाटीने वाटून घ्यावं. त्याच दिवशी नणंदेचा फोन आला. तिने सांगितलं, यंदा नाल्यात काही टाकायचं नाही. पोतं नाही, तट्टा नाही.

मी विचारलं, "आन् बाई, तुम्ही कशा येसान?"

"मी नाई येत. इकडूनच आयकीन नाटक. भोंगा मोठा लावजा."

बायकांना ते पटेना. पाहुणा चिखलातून येणार म्हणजे काय! एकदोघी तर गुपचूप तणीस घेऊन निघाल्या होत्या. मीच त्यांना परत फिरवलं. यंदा पाऊस लांबला होता, नाल्यात गुडघाभर पाणी आणि त्याखाली मऊ गाळ. उद्घाटनाची वेळ झाली. पलीकडच्या काठावर नणंद खुर्ची मांडून, शाल पांघरून बसलेली. तिकडच्या खासदाराने पाठवलेल्या पाहुण्याची गाडी तिच्याशेजारी येऊन थांबली. रस्ता कुठे आहे, असं तो तिला विचारत असावा. तिने नाल्याकडे बोट दाखवलं.

शेवटी त्याने बूट हातात घेतले आणि पाण्यात उतरला. निम्म्यात आल्यावर उजवा पाय पोटरीपर्यंत फसला. काढायला जावं तर डावा फसे. तो घामाघूम होऊन ओरडून विचारू लागला, की हा नाला कोणत्या बाजूच्या मतदारसंघात येतो.

नणंद खुर्चीतून म्हणाली, "भाऊ, तुमचा पाय जिथी फसला ना, तेवढा तुमचाच."

पोरांनी त्याला ओढून आमच्या काठावर आणलं. पायांवर पाणी ओतलं, टॉवेल दिला, चहा पाजला. पाहुणा तो पाहुणाच. मग त्याने नारळ फोडला. भाषणात त्याने स्वच्छतेचं नाव काढलं नाही. रपट्याचं बघतो म्हणाला. बघतील ते.

भोंगा मी नाल्याकडे तोंड करून लावायला सांगितला. पडदा उघडला तेव्हा पलीकडे नणंदेची खुर्ची अजून दिसत होती. तिचं माहेर तिच्यापासून एका हाकेवर होतं, आणि यंदा ती मंडईला आली नव्हती.