दिवाणजींचा रुसवा

माशाची हात जोडून माफी मागणारा माणूस अख्ख्या माळव्यात एकच निपजला, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. छत्रीबागेतल्या दोन मजली घरात खाली आम्ही भाडेकरू आणि वर घरमालक. त्यांना मी, माझी बायको, दूधवाला, एवढंच काय गल्लीतली कुत्रीसुद्धा काका म्हणूनच ओळखतात. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथ मशिनींच्या खडखडाटात नोकरी काढल्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय, हे काकांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी वरून मला "चहा झाला का रे?" असं विचारलं, की पलीकडच्या गल्लीतले दोघेतिघे "हो, झाला!" म्हणून ओरडत. त्यांची शिंक ही कुकरची शिट्टी समजून माझ्या बायकोने एकदा गॅस बंद केला होता आणि आम्ही कच्ची डाळ खाल्ली होती. लग्न का केलं नाही, याचं कारण ते प्रत्येकाला वेगळं सांगत. मला सांगितलं ते असं: "मुलगी पाहायला गेलो भिया, आणि पोह्यांवर भुरभुरायला जिरावन मसालाच नव्हता. बात खतम!"

वर काकांबरोबर त्यांचा धाकटा भाऊ, भावजय आणि पुतणी असे तिघे राहत. या घराण्याचे पूर्वज म्हणे होळकरांच्या कचेरीत होते. तिथून बाकी काही वारसा आला नाही, पण एक रिवाज आला. तो असा, की रुसलेल्या माणसाला बोलवायचं नाही. इतरांच्या घरी रुसलेल्याची मनधरणी करतात, रुसलेल्या जावयाला तर अंगठी मिळते. यांच्या घरी मात्र कोणी रुसून खोलीचं दार लावलं, की बाकीचं घर दबक्या आवाजात बोलू लागे, चवड्यांवर चालू लागे आणि जेवणाचं ताट झाकून दाराबाहेर ठेवलं जाई. तो आपल्या मर्जीने उठेल तेव्हा उठेल. यालाच ते अदब म्हणत. आणि रुसण्यात काकांचा हात धरणारा मला तरी अजून भेटलेला नाही. वरणात हिंग कमी पडला म्हणून ते रुसत, मॅच हरली म्हणून रुसत. टीव्हीवर पाऊस सांगितला आणि पडला नाही, तेव्हा तर छत्री हातात धरूनच रुसले होते. खाली आम्हाला चाहूल बरोबर लागायची. वर एकदम शांतता झाली की बायको म्हणायची, "आज काकांनी दार लावलं वाटतं."

मग भावाने बायपासकडे फ्लॅट घेतला. तिथे लिफ्ट होती, पार्किंग होतं आणि पुतणीचं कॉलेज जवळ पडत होतं, त्यामुळे चुकीचं त्यात काहीच नव्हतं. काका म्हणाले, "मी इथून हलणार नाही," आणि सामान न्यायला ट्रक आला त्या सकाळी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. पुढे जे झालं ते मी जिन्यात फ्रिजचं एक टोक धरून स्वतः पाहिलंय. आजवर चोरांनीसुद्धा इतक्या हळुवारपणे कोणाचं घर रिकामं केलं नसेल. हमालांनासुद्धा कुजबुजत सूचना दिल्या जात होत्या. सगळं उतरवून झाल्यावर भावजयीने झाकलेलं ताट दाराबाहेर ठेवलं, भाऊ त्या दारापाशी थोडा वेळ उभा राहिला, आणि मग रिवाजाप्रमाणे दार न वाजवता मंडळी निघून गेली.

मागे राहिले काका आणि पुतणीचा फिश टँक. टँक जड होता, म्हणून तो नंतर नेऊ असं ठरलं होतं. त्यात ऑस्कर जातीचा एकच मासा होता. तळहाताएवढा, काळाकुट्ट, अंगावर निखाऱ्यासारखे डाग. तो काचेतून येणाऱ्याजाणाऱ्याला असा न्याहाळायचा, जणू हा मनुष्य अर्ज घेऊन आलाय. म्हणून पुतणीने त्याचं नाव ठेवलं दिवाणजी. पूर्वी खोलीत झाडू फिरू लागला, की दिवाणजी त्याच्या मागे मागे काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत आणि हातातून दाणे खात. ट्रक गेला तसे ते टँकमधल्या आडव्या मडक्यामागे जे गेले ते बाहेरच येईनात. कधी शेपटीचं टोक दिसे, तेवढंच. दाणे संपत, पण खाताना कोणी पाहिलं नाही.

काकांनी रोग लगेच ओळखला. "रुसलाय," ते म्हणाले. आणि इलाज तर घराण्याचा ठरलेलाच होता. दुसऱ्या दिवसापासून वर अशी शांतता सुरू झाली, की मला स्वतःच्या घरात खोकायला दडपण येऊ लागलं. काकांनी दाराच्या घंटीची वायर काढली. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी चपला काढायचा हुकूम निघाला. आमच्या मिक्सरवर बंदी आली, आणि माझ्या बायकोने पाट्यावर चटणी वाटली तर काका खाली येऊन म्हणाले, "वहिनी, जरा हळू वाटा ना, तो परेशान होतो." रोज सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, तेही कुजबुजत! गाडीवाला बिचारा कानाला हात लावून विचारत होता, "क्या बोल रिये हो बाऊजी? जोर से बोलो!" जन्मभर गर्जना केलेला माणूस आता श्वासावर बोलत होता. पलीकडच्या गल्लीतले लोक मला अडवून विचारत, "काकांची तबियत ठीक आहे ना?"

इतकं करूनही दिवाणजी बाहेर येईनात. फिश टँकच्या दुकानदाराने येऊन पाणी तपासलं, तर पाणी उत्तम. हीटर तपासला, तोही उत्तम. शेवटी त्याने काकांना आणखी एक मडकं विकलं, म्हणजे लपायला दिवाणजींची दोन घरं झाली. जेवणात बदल म्हणून काकांनी रतलामी शेव टाकायचं मनात आणलं होतं, पण पुतणी फोनवर इतकी किंचाळली, की ती शेव त्यांनी स्वतःच खाल्ली. एक दिवस मी वर गेलो तर काका टँकपुढे पाटावर बसून हात जोडून पुटपुटत होते, "दिवाणजी, चुकलं. जाऊ द्या आता."

"काय चुकलं काका?" मी विचारलं.

"मला काय माहीत? ते रुसणाऱ्याला माहीत असतं."

फोनवर मात्र ते पुतणीला ठोकून सांगत, "एकदम फर्स्ट क्लास आहे तुझा दिवाणजी!" पण फोटो पाठवा म्हटलं की पाठवायचा काय, मडकं? भावजयीने ओळखलं. म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला जमत नसेल तर रविवारी येऊन घेऊन जातो." त्या दुपारी काका खाली आले आणि आमच्या सोफ्याच्या अगदी काठावर बसले.

"भिया, रविवारपर्यंत हा बाहेर नाही निघाला तर नेतील रे त्याला. मग वर कोण?" असं म्हणाले, आणि चपापून लगेच दुरुस्ती केली, "म्हणजे, टँकमध्ये कोण?"

रविवारी मंडळी आली. भाऊ पोहे आणि जलेबीचे डबे घेऊन पुढे होता. पहिल्या पायरीवरच्या चपलांच्या रांगेत त्याचा पाय अडकला, स्टीलचा डबा सुटला आणि घणघणत थेट माझ्या दारापर्यंत आला. भावजय ओरडली, "अहो, लक्ष कुठंय तुमचं!" पुतणी खदाखदा हसत सुटली, मी खालून आरडाओरडा केला आणि हातात पाकाने माखलेला डबा घेऊन वर गेलो. काका दोन्ही हात पसरून सगळ्यांना गप्प करायला बघत होते. "हळू! अरे हळू! तो..."

तो बाहेर आला होता. मडक्याला वळसा घालून दिवाणजी सावकाश काचेपाशी आले, सगळ्यांना नेहमीसारखं न्याहाळलं आणि पुतणीच्या ओढणीमागे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागले.

"काका, इथे इतकं सुनसान का करून ठेवलंय?" पुतणी म्हणाली. "मी वाचलंय ना, हा मासा गडबडीत राहिलेला असला तर शांततेला घाबरतो. मग जरासं काही हललं तरी लपतो. माणसं येत-जात असली की याला हिंमत येते."

काका काचेपाशी वाकले. मग त्यांच्या पूर्वीच्या आवाजात, पण सावकाश, म्हणाले, "म्हणजे रुसला नव्हता. घर गप्प झालं म्हणून घाबरला होता."

भावजय काकांच्या खोलीच्या दाराकडे पाहत होती. भाऊ म्हणाला, "दादा, त्या दिवशी आम्ही दार वाजवायला हवं होतं का?"

"दाराचं काय घेऊन बसलास? ती जलेबी उचल आधी, जिन्यात मुंग्या येतील."

पोहे खाऊन झाल्यावर काकांनीच विषय काढला, "घेऊन जा याला. याला माणसं लागतात." पुतणी नको म्हणाली, भाऊ नको म्हणाला. भावजय म्हणाली, "मग भाऊजी, तुम्हीपण चला." त्यावर काका म्हणाले, "मला काय कल्ले आहेत?" आणि गडगडून हसत टँकचा प्लग काढायला उठले. टँक उतरवताना या वेळी घरात भरपूर आवाज झाला. तो सगळा काकांनीच केला.

दोनएक आठवड्यांनी संध्याकाळी वरून बोलणी ऐकू आली. कुकरच्या शिट्ट्या, भावाचा खोकला, "अगं, टॉवेल कुठंय?" आणि पुतणीचं हसणं. मंडळी आली म्हणून मी खूश होऊन वर गेलो. आत काका एकटेच होते. मांडीवर मोबाईल होता, आवाज जितका वाढवता येतो तितका वाढवलेला. पुतणी रोज दिवाणजींचा व्हिडिओ पाठवते. पडद्यावर दिवाणजी ऐटीत फिरत होते, आणि काका भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते.

"कसे आहेत दिवाणजी?" मी विचारलं.

डोळे न उघडता काका म्हणाले, "थांब रे, आता पोरीची आई जेवायला हाक मारते."