पहिल्या रांगेतली सून

दवाखान्याच्या मागच्या खोलीत पहिलटकरणींचा वर्ग भरायचा. तो घेणाऱ्या नर्सबाईंना पाठीमागे सगळ्या 'हेडमास्तरीण' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. कुणी लोहाच्या गोळ्या चुकवल्या की त्या अशी खरडपट्टी काढत, की पोरीला तोंड कुठे लपवू असं व्हायचं. "गोळीनं मळमळतं? मग काय, नऊ महिने मिरवायला झालीस का गरोदर?" सगळ्या खिदळत. जिच्यावर खिदळत ती पुन्हा मळमळीचं नाव काढत नसे. बाईंना वाटे, मळमळ थांबली.

तशा बाई वाईट नव्हत्या. पोटतिडकीनं शिकवत. डोकं ठणकलं, तोंडावर सूज आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर धावत या, हे दर वर्गात घसा फोडून सांगत.

मग त्यांच्या सुनेलाच दिवस गेले. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. "ही बघा माझी सून! एक गोळी चुकत नाही, कसली कुरकुर नाही. शिका जरा हिच्याकडून." सून मान खाली घालून हसायची. गोळीनं तिलाही मळमळायचं, पण आता कुठल्या तोंडानं सांगणार?

आठव्या महिन्यात तिचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. चेहरा भरला, तर बाई कौतुकानं म्हणाल्या, "चांगली अंगानं भरलीस गं." दुसऱ्या कुणाची सून असती तर ती सूज त्यांनी दारातूनच ओळखली असती. घरातली मात्र दिसली नाही.

"आईला सांगू का?" नवऱ्यानं विचारलं.

"नको रे. तपासणी आलीच आहे जवळ. तेव्हा कळेलच."

तपासणीच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात आकडी येऊन पडली. दवाखान्यात नेईपर्यंत पोटातलं बाळ गेलं होतं. सून वाचली, तेवढंच.

ती शुद्धीवर आली तेव्हा बाई उशाशी होत्या. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"अगं, काजवे दिसत होते ना तुला? वर्गात ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

"मग एका घरात राहून बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचात, आई."

आजवर किती जणींना त्यांनी याच दवाखान्यात धीर दिला होता. आज त्या सुनेचं पांघरूण नुसतं सारखं करत होत्या.

सून छताकडे बघत हळूच म्हणाली, "गोळ्या मी टाकून देत होते. त्यानंच झालं ना हे? वर्गात नका सांगू हं कुणाला."

गोळ्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते सांगायला, तिला पोटाशी धरायला बाई पुढे वाकल्या, तशी सुनेनं पटकन अंग चोरलं.