काठावरच्या चपला

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक विसरता येत नाही, कारण यातली पहिली चूक माझी होती.

तेव्हा मी नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. चार्ज देताना आधीच्या साहेबांनी हद्दीतल्या एका गावाबद्दल सांगितलं होतं की तिथून तक्रारी येणार नाहीत, तिथे अण्णा आहेत. हे अण्णा ना सरपंच होते, ना कुठल्या पक्षाचे. भावाभावांची बांधावरची भांडणं ते आपल्या ओट्यावर बसवून मिटवत. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या मुलीचा शाळेचा दाखला, यासाठी तालुक्याला खेटे घालत. आणि नदीत उतरताना चपला काठावर काढून ठेवत. नदी म्हणजे आई, तिच्या अंगावर चपला घालून कसं चालायचं, असं त्यांचं म्हणणं. बघता बघता सगळं गाव चपला काढून नदीत उतरू लागलं होतं.

वाळूचे ट्रॅक्टर मात्र थेट पात्रात जात. एका सोमवारी अण्णा त्याविरुद्ध अर्ज घेऊन ठाण्यात आले. वाळू उपसणाऱ्याने जिवे मारण्याची धमकी दिल्याचंही त्यात लिहिलं होतं. मला बंदोबस्ताला निघायची घाई होती. हा महसूलचा विषय आहे, तहसीलदारांना भेटा, असं सांगून मी अर्जावर आवकचा शिक्का मारून घेतला आणि तो फायलीला लावायला दिला. अण्णांनी वाद घातला नाही. चहा घेतला आणि गेले.

आठ दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याच्या कडेला त्यांचा मृतदेह सापडला. अज्ञात वाहनाची धडक, अशी खबर आली. आम्ही पंचनामा केला आणि अपघाताचा गुन्हा नोंदवला. सरकारी दवाखान्यात त्यांच्या पत्नीने, म्हणजे साऱ्या गावाच्या काकींनी, मला एकच विचारलं, "साहेब, त्यांच्या चपला कुठं हायेत?"

दुःखात माणूस असलं काहीबाही विचारतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. मी त्यांना पाणी द्यायला सांगितलं आणि पुढच्या कागदाला लागलो. अनुभव वाढला की माणूस ऐकायचं कमी करतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन वाजला. बाईचा आवाज होता, नाव सांगायला ती तयार नव्हती. अण्णांच्या चपला नदीच्या उताराला बाभळीखाली आहेत, तीन दिवस झाले, कुणी हात लावत नाही, एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी पंचनामा काढून पाहिला. 'पाय अनवाणी', असं हवालदाराने व्यवस्थित लिहिलं होतं. खाली माझीच सही होती.

गावातलेच दोन पंच घेऊन नदीवर गेलो. चपला शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या होत्या. टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला, त्यामुळे पंचांनी लगेच ओळखल्या. म्हणजे अण्णा नदीत उतरले होते आणि आपल्या पायांनी परत आले नव्हते. रस्त्यावर त्यांना कुणीतरी आणून टाकलं होतं.

त्या सकाळी पात्रात कुणाचा ट्रॅक्टर होता, हे काढायला दोन दिवस गेले. ड्रायव्हर त्याच गावचा, दोन लेकरांचा बाप. तासभर तो 'मी नव्हतोच' यापलीकडे जाईना. मी आवाज चढवला नाही. अण्णांच्या चपलांची पिशवी उघडून टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने त्याने टेबलाखाली आपल्या पायातल्या चपला काढल्या. आपण काय केलं हे त्यालाही कळलं नसावं. मग तो रडू लागला.

"माझं लायसन अण्णांनीच काढून दिलं हुतं, साहेब. ते ट्रॉलीच्या मागं हुबे ऱ्हायले. मालक म्हनला, घे मागं. मला वाटलं, सरकतील."

ते सरकले नाहीत. मग मालकासह तिघांनी त्यांना ट्रॉलीत घातलं आणि रस्त्याला नेऊन ठेवलं. उचललं तेव्हा जीव होता का, असं मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "पानी मागत हुते."

नदीची धार तिथून वीस पावलांवर होती.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. आमची सगळी भिस्त पंचांवर होती आणि दोन्ही पंच फितूर झाले. चपला कुणाच्या ते ठाऊक नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्यातल्या एकाच्या बांधाचा वाद अण्णांनीच मिटवला होता. फोन करणारी बाई पुढे आलीच नाही. आरोपीच्या वकिलांनी मला विचारलं, धमकीचा अर्ज खरा होता, तर तुम्ही त्यावर काय कारवाई केली? मी म्हणालो, काही नाही. सगळे आरोपी निर्दोष सुटले.

खरं शोधून काढलं की पोलिसाचं काम झालं, असं मी मानत आलो होतो. इथे खरं काय ते अख्ख्या गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. मी गावाला फार दोष देत नाही. ते घाबरले होते. माझ्या तर अंगावर वर्दी होती, आणि मी अर्ज फायलीला लावला.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावाला गेलो. उताराशी अण्णांच्या नावाचा फलक लावला आहे. त्यावर 'अपघाती निधन' असं लिहिलं आहे. काकी माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी फलकाकडे पाहिलं नाही. मी बाभळीखाली चपला काढल्या, तशा त्या म्हणाल्या, "घाला साहेब चपला. वाळू कुठं ऱ्हायलीय आता? नुसते काटे हायेत."

मी चपला घातल्या.